'दे माइट बी जायंट्स'च्या नादी लागायचं असेल तर

'दे माइट बी जायंट्स' हा अमेरिकन रॉक बँड थोडासा आवडून भागत नाही. काही जण दोन गाणी ऐकतात, 'हे काय विचित्र' म्हणतात आणि पुढे जातात. काही जण मात्र दहा वर्षांनीही त्याच दोन गाण्यांतल्या एखाद्या ओळीवर वाद घालत बसतात. हा लेख दुसऱ्या गटात यायची इच्छा असलेल्या, पण सुरुवात कुठून करावी हे न कळणाऱ्या वाचकांसाठी आहे. बँडमधल्या दोघांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ इतकं लिहिलं, इतकं रेकॉर्ड केलं, की नवा माणूस यादी बघूनच दमतो.

आधी ओळख. बँड म्हणजे मुळात दोन जॉन. जॉन लिनेल अकॉर्डियन, कीबोर्ड आणि सॅक्सोफोन वाजवतो, जॉन फ्लॅन्सबर्ग गिटार. दोघेही गातात आणि दोघेही लिहितात. मॅसॅच्युसेट्समधल्या लिंकन गावाजवळच्या शाळेत त्यांची ओळख झाली. 1981 मध्ये दोघे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एकाच इमारतीत राहायला आले आणि पुढच्या वर्षी बँड म्हणून लोकांसमोर उभे राहिले. ड्रम वाजवायला माणूस नव्हता. ठेका यंत्रावर आणि टेपवर आधी भरून ठेवायचा, पुढे दोघांनी उभं राहून गायचं, अशी त्यांची पहिली दहाएक वर्षं गेली. नाव 1971 च्या एका अमेरिकन चित्रपटावरून आलं, आणि त्या चित्रपटाचं नाव डॉन किहोटे या स्पॅनिश कादंबरीतल्या नायकाने राक्षस समजलेल्या पवनचक्क्यांवरून: कोण जाणे, ते राक्षस असतीलही.

एक गोष्ट पहिल्यापासून लक्षात ठेवा. यांना विनोदी बँड समजून ऐकू नका. गाण्यात गंमत भरपूर आहे, पण ती वरच्या थरात आहे. हसून झालं की पुन्हा ऐकावं लागतं. खरं गाणं तिथून सुरू होतं.

पहिली पायरी: पाच गाणी, आठवडाभर

अल्बमकडे नंतर वळू. आठवडाभर फक्त ही पाच गाणी ऐका: 'बर्डहाउस इन युअर सोल', 'आना एंग', 'डोन्ट लेट्स स्टार्ट', 'डॉक्टर वर्म' आणि 'द मेसोपोटेमियन्स'. क्रम हाच ठेवा. पहिलं गाणं 1990 मध्ये ब्रिटनच्या यादीत सहाव्या क्रमांकावर गेलं होतं. तिथल्या यादीत इतकं वर या बँडचं दुसरं गाणं गेलेलं नाही. शेवटचं 2007 च्या 'द एल्स' या अल्बममधलं. त्यात सार्गन, हम्मुराबी, अशुरबानिपाल आणि गिल्गामेश हे प्राचीन मेसोपोटेमियातले चौघे राजे मिळून एक बँड चालवतात. एवढ्या अंतरानंतरही लिहिणारा हात तोच आहे, हे पाच गाण्यांत कळतं.

या आठवड्यात एकच काम करायचं: दोन आवाज वेगळे ओळखायला शिकायचं. लिनेलचा आवाज नाकातून येतो, सरळ आणि थोडा कोरडा. फ्लॅन्सबर्गचा भारदस्त, थोडा नाटकी, मुद्दाम फुगवलेला. बहुतेक वेळा जो गातो त्यानेच ते गाणं लिहिलेलं असतं. त्यामुळे आवाज ओळखता आला की लेखकही ओळखता येतो. लिनेलचा आवाज पहिल्या दोन-तीन ऐकण्यांत खटकतो, असं पुष्कळ नवे श्रोते सांगतात. थांबा. तो आवाज भावना रंगवून दाखवत नाही, म्हणूनच त्याच्या तोंडी दुःखाचे शब्द जास्त लागतात.

अकॉर्डियन आपल्याला जुन्या हिंदी चित्रपटगीतांतून चांगलाच ओळखीचा आहे. गूडी सीरवाईंनी वाजवलेले तुकडे कानात असतील, तर रॉक बँडमध्ये हे वाद्य बघून अमेरिकन माणसाला जेवढं आश्चर्य वाटतं तेवढं तुम्हाला वाटणार नाही. मराठी श्रोत्याला इथे थोडी आघाडी आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

दुसरी पायरी: 'फ्लड' सलग ऐका

1990 चा 'फ्लड' हा त्यांचा तिसरा अल्बम आणि मोठ्या कंपनीसाठी केलेला पहिला. 19 गाणी, पाऊण तासाच्या आत. मधे फोन न बघता एका बैठकीत ऐका. एखादं गाणं दीड मिनिटात संपतं आणि पुढचं वेगळ्याच प्रकारचं निघतं. याची सवय व्हायला सलगच ऐकावं लागतं.

यातल्या 'इस्तंबूल' या गाण्याबद्दल नव्या चाहत्यांची हमखास गल्लत होते. ते त्यांचं नाही. 'द फोर लॅड्स' या गटाने 1953 मध्ये गायलेलं गाणं यांनी पुन्हा केलं. 'इस्तंबूल' आणि 'पार्टिकल मॅन' ही दोन्ही गाणी 1991 मध्ये 'टायनी टून' या कार्टून मालिकेत दाखवली गेली आणि अमेरिकेतली एक अख्खी पिढी तिथून या बँडकडे आली. तुमच्याही कानावरून हा बँड नकळत गेलेला असू शकतो. घरात लहान मूल असेल आणि त्याने 'मिकी माउस क्लबहाउस' बघितलं असेल, तर त्याचं शीर्षकगीत आणि 'हॉट डॉग' हे शेवटचं नाचाचं गाणं यांचंच. 'माल्कम इन द मिडल' या मालिकेचं शीर्षकगीतही यांचं, आणि त्याला 2002 मध्ये ग्रॅमी मिळालं.

'फ्लड'मधलं 'युअर रेसिस्ट फ्रेंड' मात्र हसत ऐकायचं गाणं नाही. मेजवानीत एक जण वर्णद्वेषी बोलतो, यजमान त्याला सांभाळून घेतो आणि गाणारा माणूस सरळ निघून जातो. कोडं नाही, आडवळण नाही. या लोकांना सरळ बोलायचं असतं तेव्हा ते सरळ बोलतात, हे इथे कळतं.

तिसरी पायरी: शब्द समोर घ्या

इथे वेळ काढा. माझ्या मते नुसता ऐकणारा आणि चाहता यांच्यातला फरक याच पायरीवर पडतो.

'बर्डहाउस'पासून सुरुवात करा. बोलणारा कोण आहे? भिंतीवरच्या बटणाशेजारी प्लगमध्ये खोचलेला, निळ्या कॅनरी पक्ष्याच्या आकाराचा रात्रीचा छोटा दिवा. आपल्याकडे झीरोचा बल्ब जे काम करतो तेच करणारा. हे एकदा कळलं की प्रत्येक ओळ जागेवर बसते. समोरच्या भिंतीवर त्याच्या पूर्वजाचं चित्र आहे. तो पूर्वज म्हणजे खडकाळ किनाऱ्यावर उभा राहून जहाजं वाचवणारा दीपस्तंभ. आपला दिवा कबूल करतो की ते काम मला झेपलं नसतं, मी ग्रीक पुराणातल्या जेसनचं जहाज त्याच्या सगळ्या सोबत्यांसह बुडवलं असतं. पण या खोलीपुरता, तुझ्यापुरता मी जागा आहे. लहान असण्याची एवढी नीट कबुली आणि तरीही जपण्याचा एवढा ठाम शब्द मला दुसऱ्या रॉक गाण्यात क्वचितच सापडला आहे. त्यात चालीची स्वरपट्टी पुन्हा पुन्हा बदलत राहते आणि ऐकताना कुठेही धक्का बसत नाही. वाद्य वाजवता येत असेल तर हे गाणं वाजवून बघा, मग त्यातलं काम कळेल.

आता 'डोन्ट लेट्स स्टार्ट'. चाल उड्या मारत जाते आणि मधेच एका दमात सांगून टाकते की जगात कुणालाच हवं ते मिळत नाही, आणि सगळे निराश होऊनच मरतात. पार्टीत लोक यावर नाचतात. 'दे'ल नीड अ क्रेन' हे एका जोडप्याच्या तुटण्याचं गाणं आहे, आणि त्याची चाल इतकी गोड आहे की तुटणं लक्षात यायला वेळ लागतो. 'डेड'मधला माणूस मेल्यावर किराणा मालाची पिशवी होऊन परत येतो. पहिल्यांदा हसू येतं. मग लक्षात येतं की तो जिवंतपणी न केलेल्या गोष्टींचा हिशोब मांडतो आहे.

'आना एंग' हे मला सर्वांत जवळचं. पृथ्वीच्या बरोबर विरुद्ध बाजूला राहणाऱ्या, कधीच न भेटलेल्या बाईवरचं प्रेम. टेलिफोनच्या पुस्तकात एंग या आडनावाची पानंच्या पानं दिसली, तिथून हे नाव आलं. गाण्यात 1964 च्या न्यूयॉर्कमधल्या जागतिक प्रदर्शनाचा उल्लेख आहे. त्याच प्रदर्शनाच्या क्वीन्समधल्या उरलेल्या वास्तूत 'डोन्ट लेट्स स्टार्ट'चं चित्रीकरण झालं होतं. अशा धाग्यांची नोंद ठेवायला एक वही करा. चाहतेपणाचा अर्धा आनंद त्या वहीत असतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. प्रत्येक गाण्यात गुपित असतंच असं नाही. 'पार्टिकल मॅन'मधला त्रिकोणी माणूस म्हणजे धर्म, कण म्हणजे विज्ञान अशा फोडी वर्षानुवर्षं चालू आहेत, पण लिनेलने त्यामागे गूढ अर्थ असल्याचं नाकारलं आहे. बऱ्याचदा चाल आधी येते आणि तिच्यात बसणारी अक्षरं नंतर. त्यामुळे गाण्यात जे स्पष्ट लिहिलं आहे ते आधी नीट वाचा. 'बर्डहाउस'मध्ये दिवा आहे म्हणजे दिवाच आहे.

वाचायची आवड असेल तर 2021 चा 'बुक' बघा. अल्बमबरोबर त्याच नावाचं छायाचित्रांचं पुस्तक निघालं. त्यातले गाण्यांचे शब्द आयबीएमच्या जुन्या सिलेक्ट्रिक टाइपरायटरवर टंकून पानांवर मांडले आहेत.

चौथी पायरी: मागे जा

आता 1986 चा पहिला अल्बम आणि 1988 चा 'लिंकन'. पहिला काढला न्यू जर्सीतल्या होबोकनच्या 'बार नन' या छोट्या कंपनीने. दोन्ही अल्बम कमी पैशांत झाले हे ऐकताना कळतं. ड्रम यंत्राचा आवाज पत्र्यासारखा आहे. मला तो तसाच आवडतो, कारण दोन माणसांना एका खोलीत किती करता येतं ते त्यात दिसतं.

याच काळातली 'डायल अ साँग' ही कल्पना समजून घेतल्याशिवाय हा बँड समजत नाही. लिनेलचा हात मोडला, फ्लॅन्सबर्गच्या घरी चोरी झाली, कार्यक्रम बंद पडले. तेव्हा त्यांनी घरातल्या साध्या आन्सरिंग मशिनवर गाणं भरून ठेवलं आणि ब्रुकलिनचा नंबर वर्तमानपत्रात जाहीर केला. फोन लावायचा, गाणं ऐकायचं. वेगळे पैसे नाहीत, नेहमीच्या कॉलचा खर्च तेवढा. मशीन एका वेळी एकच कॉल घेई, म्हणून लाइन सतत व्यग्र. गाणं मधून मधून बदलायचं असल्यामुळे लिहिणं थांबवता येत नसे. छोटी, पटकन मुद्द्यावर येणारी, फोनच्या बारीक आवाजातही ओळखू येणारी गाणी लिहायची त्यांची सवय मला तिथलीच वाटते. मशिन्स अनेकदा बिघडली, पण उपक्रम वीसेक वर्षं चालला. 2015 मध्ये त्यांनी तो पुन्हा सुरू करून वर्षभर दर आठवड्याला एक नवं गाणं दिलं. 'ग्लीन', 'व्हाय?' आणि 'फोन पॉवर' हे तीन अल्बम त्यातूनच उभे राहिले.

पाचवी पायरी: नव्वदचं दशक

1992 च्या 'अपोलो 18'मध्ये 'फिंगरटिप्स' नावाचे 21 तुकडे आहेत, बहुतेक काही सेकंदांचे. न संपलेल्या गाण्यांचे नुसते मुखडे वाटावेत असे. ते सीडीवर मुद्दाम सुटे ठेवले होते, कारण श्रोत्याने गाणी उलटसुलट क्रमाने लावली की हे तुकडे पूर्ण गाण्यांच्या मधे मधे यावेत. आज फोनवर हे करणं सोपं आहे. एकदा सरळ ऐका, एकदा शफल लावून.

1994 च्या 'जॉन हेन्री'पासून खरा ड्रमर, खरा बास, पूर्ण बँड आला. जुन्या चाहत्यांपैकी काहींना हे रुचलं नाही आणि तो वाद अजून पूर्ण विझलेला नाही. तुम्ही त्यात पडू नका. 1996 च्या 'फॅक्टरी शोरूम'मधलं 'जेम्स के. पोक' ऐका. अमेरिकेच्या एका विस्मृतीत गेलेल्या अध्यक्षाची कारकीर्द, शाळेच्या धड्याइतकी सरळ सांगितलेली, आणि तरीही गुणगुणावी अशी. त्याच अल्बममधलं 'आय कॅन हिअर यू' न्यू जर्सीच्या वेस्ट ऑरेंजमध्ये, थॉमस एडिसनच्या प्रयोगशाळेत, मेणाच्या नळकांड्यावर विजेशिवाय रेकॉर्ड केलं. कर्ण्यासमोर उभं राहून मोठ्याने गायचं आणि सुई ते मेणात कोरते. गाण्याचा विषयही अस्पष्ट ऐकू येणारे आवाज हाच आहे: दारावरचा इंटरकॉम, विमानातला फोन. न्यू जर्सीत आपली मराठी मंडळी मोठ्या संख्येने आहेत. एडिसन गावात राहणाऱ्यांनी वेस्ट ऑरेंजची ती प्रयोगशाळा बघायला जावं, आज ते राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. जायच्या आधी हे गाणं ऐकून जावं.

सहावी पायरी: मुलांचे अल्बम टाळू नका

बरेच नवे चाहते इथे चुकतात. त्यांना वाटतं, हे आपल्यासाठी नाही. 2002 च्या 'नो!'पासून त्यांनी मुलांसाठी जे केलं त्यात मेहनत कुठेही कमी नाही. 'हिअर कम द वन टू थ्रीज'ला 2009 मध्ये मुलांच्या संगीताचं ग्रॅमी मिळालं. पण घरी लावायचा असेल तर मी 2009 चा 'हिअर कम्स सायन्स' सांगेन.

त्यामागची एक गोष्ट मला या बँडबद्दल सगळ्यांत जास्त आदर वाटायला लावते. 1959 च्या, मुलांना विज्ञान शिकवणाऱ्या एका रेकॉर्डवर सूर्याबद्दलचं एक गाणं होतं. सूर्य हा तापलेल्या वायूचा गोळा आहे, असं ते सांगतं. 'व्हाय डझ द सन शाइन?' हे गाणं त्यांनी नव्वदच्या दशकात आपलंसं केलं आणि ते कार्यक्रमांत लोकप्रिय झालं. पण सूर्य वायूचा नाही, प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित कणांच्या अवस्थेतल्या पदार्थाचा आहे. मग विज्ञानाच्या अल्बममध्ये त्यांनी जुनं गाणं ठेवलं आणि लगेच त्याच्यामागे ते खोडून काढणारं नवं गाणं लिहून जोडलं. मुलांना तथ्य तर कळतंच, शिवाय विज्ञान स्वतःची दुरुस्ती कशी करतं तेही कळतं. परदेशात वाढणाऱ्या मुलांना ही गाणी आवडतातच. इथल्या इंग्रजी आणि सेमी-इंग्रजी शाळांतल्या तिसरी-चौथीच्या मुलांनाही 'मीट द एलिमेंट्स' सहज कळतं. लावून बघा.

सातवी पायरी: प्रत्यक्ष कार्यक्रम

तुम्ही किंवा तुमचं कुणी अमेरिकेत असेल तर ही संधी सोडू नका. तिकीट काढताना वयाची अट वाचा. हे मोठ्यांचे, मोठ्या आवाजाचे कार्यक्रम असतात. मुलांचे अल्बम ऐकून लहानग्यांना घेऊन गेलात तर दारातून परत यावं लागेल. बहुतेकदा आधी दुसरा बँड नसतो, मध्यंतर घेऊन दोन भागांत हेच वाजवतात, त्यामुळे वेळेवर पोचा. एका शहरात ओळीने दोन-तीन रात्री असतील तर गाण्यांच्या याद्या वेगळ्या असतात. शक्य असेल तर दोन रात्रींची तिकिटं काढा. अलीकडच्या दौऱ्यांत ट्रम्पेट, ट्रोम्बोन आणि सॅक्सोफोन वाजवणारे तिघं सोबत असतात आणि जुनी गाणी त्यामुळे नवी होतात.

एक प्रकार मुद्दाम सांगतो, म्हणजे तो चालू असताना गोंधळ होणार नाही. 'फ्लड'मधलं 'सफायर बुलेट्स ऑफ प्युअर लव्ह' हे गाणं ते रंगमंचावर उलटं गातात, शब्दशः शेवटाकडून सुरुवातीकडे. त्या वेळी त्याचं चित्रण होतं आणि मध्यंतरानंतर तेच उलट फिरवून पडद्यावर दाखवतात. मग गाणं सरळ ऐकू येतं आणि माणसं मात्र विचित्र हलताना दिसतात. पहिल्या भागात काय चाललंय ते कळलं नाही तर काळजी करू नका.

कार्यक्रम पुढे ढकलला गेला तर तिकीट घाईने परत करू नका. 'फ्लड'च्या तिसाव्या वर्षाचा दौरा 2020 मध्ये साथीमुळे थांबला आणि 2022 मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्कच्या कार्यक्रमाहून घरी जाताना फ्लॅन्सबर्गच्या गाडीला अपघात झाला आणि त्याच्या बरगड्या मोडल्या. पुन्हा तारखा बदलल्या, आणि बरा झाल्यावर त्याने ते कार्यक्रम केले.

भारतातून पाठिंबा द्यायचा तर गाणी विकत घेऊन डाउनलोड करणं सोपं. टी-शर्ट किंवा रेकॉर्ड मागवायच्या आधी टपालखर्च आणि सीमाशुल्काचा हिशोब करा.

आठवी पायरी: इतर चाहत्यांत वावरताना

या बँडचे चाहते माहिती जपणारे असतात. कोणता तुकडा कोणत्या रेकॉर्डवर, कोणत्या कार्यक्रमात कोणती ओळ बदलली, याच्या नोंदी त्यांनी वर्षानुवर्षं ठेवल्या आहेत. जुन्या चित्रफितींत एका वृद्ध गृहस्थाचा मोठा कापून लावलेला चेहरा पुन्हा पुन्हा दिसेल. ते कॅन्ससमधले वृत्तपत्र संपादक विल्यम ॲलन व्हाइट. बँडशी त्यांचा संबंध नाही, फक्त चेहरा आवडला म्हणून घेतला. असे प्रश्न निःसंकोच विचारा, सांगायला सगळ्यांना आवडतं. दोघा जॉनच्या घरगुती आयुष्याची चौकशी मात्र करू नका. गाण्यांवर कितीही बोला, तिथे मोकळीक आहे.

आणि कधीतरी तुम्हाला हे दुसऱ्या कुणाला ऐकवावंसं वाटेल. तेव्हा पूर्ण अल्बम हातात देऊ नका आणि आधी समजावूनही सांगू नका. शब्दांत रमणारा असेल तर 'आना एंग', इतिहास आवडत असेल तर 'द मेसोपोटेमियन्स', घरात लहान मूल असेल तर सूर्याची दोन्ही गाणी पाठोपाठ. गाणं चालू असताना त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसू नका. त्याने 'अजून एक लाव' म्हटलं तर 'दे'ल नीड अ क्रेन' लावा. नाही म्हटलं तर चहा घ्या आणि दुसरं काही बोला.